पारंपरिक लढत तीन आठवड्यांवर आणि आमचा पॉइंट गार्ड जायबंदी

मिशिगनवासी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. गेली १९ वर्षे आमचे बिऱ्हाड मिशिगन राज्याच्या पश्चिम भागात, ग्रँड रॅपिड्सजवळ आहे. माझा धाकटा मुलगा याच राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असून तिथल्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघात गार्ड म्हणून खेळतो. कॉलेजचे नाव मी देत नाही. ज्याच्याविषयी लिहायचे आहे तो मुलगा माझा नाही. तो माझ्या मुलाचा रूममेट आणि संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन हल्ला रचणारा खेळाडू, आहे, आणि त्याच्या दुखापतीची चर्चा नावानिशी करण्याचा मला अधिकार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हंगामातल्या सहाव्या सामन्यात हे घडले. तो चेंडू घेऊन उजवीकडे निघाला, अचानक थांबून डावीकडे वळला, आणि त्या वळणावर सगळा भार डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला. त्याला कोणाचा धक्का लागला नाही आणि तो पडलाही नाही. त्याने फक्त चेंडू हातातून जाऊ दिला आणि तो तसाच उभा राहिला. चार वर्षांत या मुलाने चेंडू असा कधी सोडलेला नव्हता, त्यामुळे पंचांची शिट्टी वाजण्याच्या आधीच प्रशिक्षक खुर्चीतून उठले होते. पावलाच्या करंगळीकडच्या लांब हाडाचा, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचा, मोड निघाला. तीन दिवसांनी शस्त्रक्रिया करून हाडाच्या पोकळीत स्क्रू बसवला.

ज्यांना इथली रचना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळाचे तीन विभाग आहेत आणि आमचे कॉलेज तिसऱ्या विभागात येते. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे, म्हणजे ही मुले फी भरून शिकतात, पहाटे वजने उचलतात, संध्याकाळी प्रयोगशाळेतून धावत सरावाला येतात, आणि यांतल्या जवळजवळ कोणाचेही पुढे खेळावर पोट चालणार नसते. तरीही इथल्या काही लढतींना जी धार असते ती मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांत मला क्वचितच दिसली.

आमच्या परिसरातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हॉलंड शहरातले होप कॉलेज आणि ग्रँड रॅपिड्समधले कॅल्व्हिन यांचे आहे. दोन्ही गावांत जेमतेम ४५-५० किलोमीटरचे अंतर आहे, दोन्ही संस्था डच स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या आहेत, आणि दोघींच्या मागे एकाच मुळातून फुटलेले दोन चर्चपंथ आहेत, जे १८५७ मध्ये वेगळे झाले. मराठीत याला एकच शब्द आहे, तो म्हणजे भाऊबंदकी. आडनावे तीच, घराणी तीच, आणि एकाच घरात एक भाऊ होपच्या नारिंगी-निळ्या रंगात तर दुसरा कॅल्व्हिनच्या मरून रंगात बसलेला मी स्वतः पाहिला आहे. शंभर वर्षांहून जुनी ही लढत आहे. जानेवारी १९९७ मध्ये तो सामना ग्रँड रॅपिड्सच्या तेव्हा नव्याकोऱ्या व्हॅन अँडेल अरीनामध्ये झाला आणि ११,४४२ लोक आले. तिसऱ्या विभागासाठी तो विक्रम ठरला. कॅल्व्हिनने १९९२ आणि २००० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. होप १९९६ आणि १९९८ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरले, आणि हॉलंडमधले माझे शेजारी ते दोन पराभव अजून तारखेनिशी सांगतात.

आमच्या कॉलेजाची लढत इतकी नावाजलेली नाही, पण तिचा पोत हाच आहे. एकाच गटात असल्यामुळे हंगामात दोनदा गाठ पडतेच, गटाच्या स्पर्धेत तिसऱ्यांदाही पडू शकते. जानेवारीतला पहिला सामना त्यांच्या मैदानावर झाला आणि आम्ही १४ गुणांनी हरलो. दुसरा फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या मैदानावर आहे, म्हणजे आजपासून तीन आठवड्यांनी आणि शस्त्रक्रियेपासून साधारण अकराव्या आठवड्यात. हा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे आणि घरच्या मैदानावरचा त्याचा तो शेवटचा सामना असेल. गेल्या आठवड्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड पूर्ण सांधलेले दिसले नाही. शल्यचिकित्सकांनी सामन्याच्या आधीच्या आठवड्यात सीटी स्कॅन काढून मग बोलू, असे सांगितले आहे. गावात मात्र निर्णय झाल्यासारखेच वातावरण आहे. दुधाच्या काउंटरवर, चर्चच्या पार्किंगमध्ये, लोक माझ्या मुलाला थांबवून विचारतात की तुझा मित्र त्या सामन्याला उतरणार ना.

माझे मत मी लपवत नाही. सामन्याची तारीख पाहून हाडाची तारीख ठरवू नये असे मला मनापासून वाटते. पण मी त्याची आई नाही, प्रशिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. तुमच्यापैकी जे कॉलेजस्तरावर खेळले आहेत किंवा ज्यांची मुले खेळतात, त्यांनी मला दोन गोष्टी सांगाव्यात. मुख्य खेळाडू गेल्यावर संघ आपली घडी नव्याने कशी बसवतो, आणि बाकावर बसलेल्या त्या मुलाचे काय करायचे?

प्रतिसाद १ : न्यूइंग्लंडकर

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट यांचे नाते तुम्ही वर्णन केले आहे त्याच जातीचे आहे. त्या दोघांनी १८५९ मध्ये अमेरिकेतला पहिला आंतरकॉलेज बेसबॉल सामना खेळला, इतकी ती स्पर्धा जुनी आहे. बास्केटबॉलमध्ये विल्यम्सने २००३ मध्ये, अ‍ॅमहर्स्टने २००७ आणि २०१३ मध्ये तिसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवले. २०१४ मध्ये तर दोघे थेट राष्ट्रीय उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. विल्यम्सने गतविजेत्या अ‍ॅमहर्स्टला हरवले आणि अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असा शेवटच्या क्षणी पराभव पत्करला.

त्या विल्यम्स संघात डंकन रॉबिन्सन पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. तो पुढे मिशिगन विद्यापीठात गेला आणि २०२० मध्ये मायामी हीटकडून एनबीए या व्यावसायिक लीगच्या अंतिम फेरीत खेळला. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण तिसऱ्या विभागातल्या प्रत्येक घरात त्याचे नाव घेतले जाते, आणि 'आमच्याही मुलाचे नशीब उघडेल' या आशेवर दुखरे पाऊल घेऊन पोरे मैदानात उतरतात. असा खेळाडू एका पिढीत एखादाच निघतो. तुमच्या पॉइंट गार्डला पुढची चाळीस वर्षे त्या पावलावर ऑफिसचा जिना चढायचा आहे, मुलांमागे धावायचे आहे.

एक प्रश्न विचारतो. जानेवारीतले १४ गुण नेमके कुठे गेले? पराभव एका माणसाच्या नसण्याने झाला असे सगळे म्हणतात, पण नोंदी पाहिल्या की बहुधा वेगळेच दिसते.

प्रतिसाद २ : मिशिगनवासी

तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. त्या दिवशी आमच्याकडून १९ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला आणि त्यांतले सात टर्नओव्हर माझ्या मुलाचे होते. फेकण्यात आम्ही त्यांच्यापेक्षा फारसे मागे नव्हतो. आमच्याकडे चेंडू वर घेऊन जाणारा दुसरा माणूसच नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे मैदानभर अंगावर धावून दबाव टाकला. माझ्या मुलाला दोघे मिळून कोपऱ्यात दाबत होते आणि त्याची नजर सवयीने अशा ठिकाणी जात होती जिथे त्याचा मित्र असायचा. घरी येताना गाडीत तो एवढेच म्हणाला, "आई, मी त्याच्यासारखा खेळायला गेलो."

प्रतिसाद ३ : पावलांचा डॉक्टर, पुणे

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि पाऊल व घोटा हेच माझे काम आहे. रुग्ण मी तपासलेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयी मत देणार नाही. या मोडाविषयी मात्र सांगू शकतो.

वर्णनावरून हा जोन्स फ्रॅक्चर दिसतो. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि नाचताना त्यांचे स्वतःचे पाऊल असेच मोडलेले होते. पाचव्या मेटाटार्सलच्या मुळापासून थोडे पुढे हा मोड होतो, आणि नेमक्या त्या पट्ट्यात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. दोन बाजूंनी येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या टोकांची ती हद्द आहे. शेताच्या शेवटच्या वाफ्याला पाटाचे पाणी कमी पोचते तसा हा प्रकार आहे. म्हणून बोटाचे किंवा मनगटाचे हाड ज्या गतीने जुळते त्या गतीने हे जुळत नाही, कधीकधी जुळतच नाही, आणि जुळलेलेही पुन्हा मोडू शकते. बास्केटबॉलमध्ये धावता धावता थांबून वळताना याच कडेवर वारंवार ताण येतो, हे तुम्ही स्वतः पाहिलेलेच आहे.

खेळाडूंच्या बाबतीत आम्ही स्क्रू बसवतो, कारण त्यामुळे हाड जुळण्याची खात्री वाढते आणि परतीचा काळ कमी होतो. साधारण ८ ते १२ आठवड्यांनी बरेच खेळाडू परततात. त्यामुळे अकरावा आठवडा ऐकायला अगदी योग्य वाटतो, आणि इथेच गफलत होते. स्क्रू हा आधार आहे, तो हाडाची जागा घेत नाही. हाड जुळण्याच्या आधी पूर्ण भार टाकत राहिले तर स्क्रू वाकतो किंवा मोड पुन्हा उघडतो. दुखणे थांबले हीसुद्धा हाड भरल्याची खूण नव्हे. दुखणे बरेच आधी थांबते. साध्या एक्स-रेवर भरलेले वाटणारे हाड सीटी स्कॅनवर अर्धेच सांधलेले निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांचा सीटीचा आग्रह मला पूर्ण पटतो.

केविन ड्युरंटचे उदाहरण सर्वांना माहीत असेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच मोडासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो परतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्क्रू बदलावा लागला, आणि मार्चअखेरीस दुसऱ्या ठिकाणचे हाड घेऊन कलम करावे लागले. त्या हंगामातल्या ८२ पैकी फक्त २७ सामने तो खेळला. जगातले उत्तम डॉक्टर, उत्तम बूट आणि उत्तम व्यायामतज्ज्ञ दिमतीला असलेल्या खेळाडूची ही गोष्ट आहे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. त्याच्या रक्तातले ड जीवनसत्त्व तपासले आहे का, आणि त्याची टाच आतल्या बाजूला झुकलेली आहे का, हे त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे. मिशिगनच्या हिवाळ्यात ऊन मिळत नाही. आणि टाचेची ठेवण तशी असेल तर बुटात योग्य सोल घातल्याशिवाय तोच भार त्याच जागी पुन्हा पडत राहील.

प्रतिसाद ४ : माजी गार्ड, नागपूर

मी विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षे खेळलो, तीही बहुतेक वेळ राखीव गार्ड म्हणून, त्यामुळे तुमच्या मुलाच्या जागी मी उभा होतो असे समजा. आमच्या नागपुरात बास्केटबॉलच्या मैदानांवर संध्याकाळी पोरांची रांग लागते, तेव्हा जागा मिळणे किती अवघड आणि ती अशा कारणाने मिळणे किती जड असते, हे मला सांगता येईल.

मुख्य खेळाडू जखमी झाला की राखीव खेळाडूवर दोन ओझी येतात. एक खेळाचे असते, ते सरावाने पेलते. दुसरे म्हणजे आपण मित्राच्या दुःखावर मोठे होत आहोत ही टोचणी. ती कोणी बोलून दाखवत नाही, पण पासमध्ये दिसते. हात अर्धा क्षण थांबतो. मला त्यातून आमच्या जखमी कर्णधारानेच बाहेर काढले. त्याने सरावाला येऊन सर्वांसमोर मला सांगितले की माझी जागा सांभाळू नकोस, तुझी जागा खेळ.

आता खेळाचे बोलतो. तुमच्या प्रशिक्षकांनी एका गार्डचे काम दुसऱ्या एका गार्डला दिले, ही चूक बहुतेक संघ करतात. ते काम वाटून द्यावे लागते. प्रेस तोडायला एक उंच, हात स्थिर असलेला फॉरवर्ड मैदानाच्या मध्यात आणावा. चेंडू आधी त्याच्याकडे जावा आणि गार्डने मोकळ्या जागेत धावून तो परत घ्यावा. कोपऱ्यात दोघांनी दाबल्यावर तिथून ड्रिबल करून निसटण्याचा हट्ट धरू नये. दुसरी गोष्ट वेगाची आहे. ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकमध्ये, म्हणजे एका हल्ल्यासाठी मिळणाऱ्या वेळेत, तुमचा जुना गार्ड पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी घडवत असेल. आता वीस-बावीस सेकंद वापरावेत. चेंडूचे ताबे कमी झाले की सामना लहान होतो, आणि लहान सामन्यात दुबळ्या बाजूला संधी जास्त असते. बचावात झोन लावावा, म्हणजे प्रत्येकाने माणूस न धरता आपापली जागा राखावी. त्यामुळे दमलेल्या पाच जणांना प्रत्येक माणसामागे धावावे लागत नाही.

प्रतिसाद ५ : शेवटचे वर्ष

मला थोडे विरुद्ध बोलायचे आहे, आणि ते मी पूर्ण विचार करून बोलत आहे. वरचे सगळे बरोबर असले तरी निर्णय त्या मुलाचा आहे, आणि त्याच्या बाजूने कोणी बोललेले नाही. माझा घोटा शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्याच्या दहा दिवस आधी मुरगळला होता. डॉक्टर नको म्हणाले, घरचे नको म्हणाले, आणि मी घट्ट पट्ट्या बांधून खेळलो. आज बत्तीस वर्षांनी थंडीत तो घोटा दुखतो, आणि तरीही मला त्या चाळीस मिनिटांचा पश्चात्ताप नाही. ज्याला पुढे व्यावसायिक खेळायचे नाही त्याच्यासाठी हा शेवटचा सामना खरोखरच शेवटचा असतो. त्यानंतर असा आवाज, अशी गर्दी, असा संघ आयुष्यात पुन्हा मिळत नाही. पुढची चाळीस वर्षे जिना चढायचा आहे हे खरे आहे, पण त्या चाळीस वर्षांत आठवायला काहीतरी असावे लागते हेही खरे आहे. आपण मोठी माणसे सुरक्षिततेला फार लवकर शहाणपण म्हणतो.

प्रतिसाद ६ : लॉस एंजेलिसकर

'शेवटचे वर्ष' यांच्या प्रतिसादातली तळमळ मला समजते, तरीही मला इथल्या एका छोट्या कॅथलिक विद्यापीठाची गोष्ट सांगावीशी वाटते. लॉयोला मेरीमाउंट हे पहिल्या विभागात असले तरी आकाराने लहानच आहे. तिथला हँक गॅदर्स ९ डिसेंबर १९८९ रोजी सामन्यात फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा फेकीच्या) रेषेवर कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे निदान झाले, औषध सुरू झाले आणि महिना संपण्याआधीच तो पुन्हा खेळू लागला. औषधाने अंगात जडपणा येतो, खेळ मंदावतो असे त्याला वाटत होते, आणि त्याची मात्रा कमी होत गेली. ४ मार्च १९९० रोजी गटाच्या स्पर्धेत पोर्टलंडविरुद्ध खेळताना तो पुन्हा कोसळला आणि त्याच संध्याकाळी गेला. तो २३ वर्षांचा होता.

पावलाचे हाड आणि हृदय यांची तुलना मी करत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की 'मला बरे वाटते' हे वाक्य बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूच्या तोंडून हंगामाच्या ऐन भरात येते तेव्हा त्याच्यामागे काय काय उभे असते, हे त्यालाही कळत नाही. निर्णय त्याचा आहे असे म्हणताना, हो म्हणण्यासाठी त्याच्यावर किती जणांचे डोळे लागले आहेत, तेही मोजायला हवे.

त्यानंतर तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. गॅदर्सचा बालपणीचा मित्र बो किंबल प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकत असे, कारण गॅदर्स फ्री थ्रोसाठी डावा हात वापरू लागला होता. आणि ते सगळे फ्री थ्रो बास्केटमध्ये गेले. त्यांनी गतविजेत्या मिशिगनला १४९-११५ असे हरवले आणि शेवटच्या आठ संघांपर्यंत मजल मारली. गेलेल्या माणसाची जागा भरून काढण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ती जागा रिकामी आहे हे सर्वांना दिसू दिले आणि ते खेळले.

प्रतिसाद ७ : शेवटचे वर्ष

आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. माझे म्हणणे मी पूर्ण मागे घेत नाही, पण डोळे मोजण्याचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या वेळी ते मी मोजले नव्हते. धागाकर्तींना एक विचारतो. त्याला आणखी एक वर्ष खेळता येणार नाही का? नोव्हेंबरमध्येच दुखापत झाली असेल तर अमेरिकेत तशी काही सवलत आहे असे ऐकले आहे.

प्रतिसाद ८ : मिशिगनवासी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मी इंग्रजीत उतरवून त्याच्या आईला पाठवला. ड जीवनसत्त्वाची तपासणी झालेली नव्हती, ती आता होत आहे.

सवलत आहे. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात दुखापत होऊन खेळाडू बाहेर गेला आणि तोवर त्याने एक तृतीयांशापेक्षा जास्त सामने खेळलेले नसतील, तर ते वर्ष मोजू नये अशी विनंती कॉलेज करू शकते. आमचा हंगाम २५ सामन्यांचा आहे आणि तो सहा खेळला आहे, म्हणजे तो त्या मर्यादेत बसतो. अडचण दुसरीकडे आहे. तो अभियांत्रिकीला आहे, मे महिन्यात पदवी घेणार आहे आणि त्याच्या हातात नोकरीचे पत्र आहे. शिष्यवृत्ती नसल्यामुळे आणखी एक वर्ष खेळायचे तर आणखी एक वर्ष फी भरायची, कर्ज वाढवायचे आणि कंपनीला थांबायला सांगायचे. मोठ्या विद्यापीठात हा प्रश्न प्रशिक्षकांच्या खोलीत सुटतो. इथे तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वही-पेन घेऊन सोडवावा लागतो.

बाकावर बसलेल्या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर आमच्या प्रशिक्षकांनी काढले, तेही सांगते. पहिले तीन आठवडे तो गुडघा टेकवून ढकलायच्या स्कूटरवर सरावाला येई, भिंतीपाशी थांबे आणि अर्ध्या तासात निघून जाई. माझा मुलगा सांगायचा की खोलीत तो दिवा न लावता बसलेला असतो. नाताळच्या सुट्टीनंतर प्रशिक्षकांनी त्याला एक स्पायरल वही दिली आणि काम नेमून दिले: प्रतिस्पर्धी आमच्या प्रत्येक पिक अँड रोलला, म्हणजे एकाने बचावपटूला अडवून चेंडूवाल्याला वाट करून देण्याच्या डावाला, काय उत्तर देतात ते लिहायचे, आणि टाइमआउटमध्ये पहिली पंधरा सेकंदे प्रशिक्षकांनी न बोलता त्याने बोलायचे. ती वही मी पाहिली आहे. त्याच्या अक्षरात पानभर बाण आणि आकडे आहेत, आणि समासात माझ्या मुलाच्या नावासमोर तीन ठिकाणी एकच शब्द लिहिला आहे: 'थांब.'

नागपूरकरांनी सुचवलेली प्रेस तोडण्याची रीत त्या दोघांनी टेबलावर मिठाच्या डब्या मांडून समजून घेतली. गेल्या दोन सामन्यांत आमचे टर्नओव्हर ११ आणि १२ झाले. एक सामना जिंकलो, एक हरलो.

प्रतिसाद ९ : मिशिगनवासी

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण तुम्हाला पुढचे कळायला हवे.

सीटी स्कॅनमध्ये हाड साधारण अर्धे सांधलेले निघाले. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितले आणि त्याने वाद घातला नाही. सामन्याच्या चार दिवस आधी प्रतिस्पर्धी कॉलेजच्या प्रशिक्षकांचा आमच्या प्रशिक्षकांना फोन आला. इथे एक प्रथा आहे. शेवटच्या वर्षाचा जखमी खेळाडू असेल तर दोन्ही संघ संगनमताने सुरुवातीला त्याला एक बास्केट विनाअडथळा करू देतात, मग दुसऱ्या बाजूला एक बास्केट देतात आणि नंतर खरा सामना सुरू होतो. ज्यांच्या नावाने आमच्या गावात वर्षभर बोटे मोडली जातात, त्यांनी आपण होऊन हे सुचवले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पण कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाने नियम पाहून सांगितले की हंगामाच्या उत्तरार्धात तो अधिकृत सामन्यात एक क्षण जरी उतरला तरी ते खेळणेच धरले जाईल आणि पुढच्या वर्षीची सवलत धोक्यात येईल. म्हणजे तो एक सोपा बास्केट घ्यायचा की एक अख्खे वर्ष शिल्लक ठेवायचे, असा प्रश्न उभा राहिला. त्याने दोन दिवस घेतले. मग त्याने त्या प्रशिक्षकांना स्वतः फोन करून आभार मानले आणि नको म्हणून सांगितले.

शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सत्कार झाला तेव्हा तो आई-वडिलांसोबत साध्या शर्टात, दोन्ही पायांत बूट घालून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. समोरच्या बाजूचे विद्यार्थी, जे आमच्या प्रत्येक खेळाडूच्या नावावर पाठ फिरवून उभे राहतात, ते त्याच्या नावाला वळले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. शेवटचे नऊ सेकंद उरले असताना टाइमआउट झाला आणि वहीचे पान उघडून तोच बोलला. त्याने सांगितल्याप्रमाणे त्यांचा उंच खेळाडू पिकवर पुढे धावून आला, माझा मुलगा थांबला, चेंडू मध्यावरच्या फॉरवर्डकडे गेला, तिथून कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातला आमचा मुलगा पूर्ण मोकळा होता. चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. माझ्या मुलाचे टर्नओव्हर दोन होते.

सवलतीचा अर्ज कॉलेजने पाठवला आहे. फीचे गणित अजून जुळलेले नाही आणि कंपनीचे उत्तर यायचे आहे. पुढचा सीटी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. डॉक्टरसाहेब, ड जीवनसत्त्व बरेच कमी निघाले, आणि टाचही तुम्ही म्हणालात तशीच आहे. बुटातला सोल मापाने बनवायला दिला आहे.